पायगाडीवरून गाविलगड व मेळघाट

शिक्षकाच्या पेशात असताना मराठ्यांच्या इतिहासातील एक धडा आम्ही तीसएक वर्षे नेमाने शिकविला. १८०३ च्या सप्टेंबरात असईस शिंदे-भोसल्यांच्या फौजा हटल्या, २९ नोव्हेंबरास अडगावी भोसल्यांचा पुन्हा मोड झाला, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि अवघ्या दोन दिवसांनी देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांस कटक प्रांत व वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडून द्यावा लागला. नागपुरातील महाल भागात राहणाऱ्या मुलांस हा धडा परका नव्हे. ज्या भोसल्यांचा हा पराभव, त्यांच्या वाड्यावरूनच तर या वस्तीस महाल म्हणतात. तरीही मुले तो पाठ करीत, आम्ही तपाशीत असू, आणि पुढील धडा सुरू होई.

एके वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने उभे राहून विचारले, “गुरुजी, किल्ला डोंगरावर होता ना? मग इंग्रजांनी तोफा वर कशा नेल्या?” आम्ही उत्तर दिले, “हा प्रश्न परीक्षेस येत नाही, खाली बैस.” मुलगा खाली बसला. आम्हांस उत्तर येत नव्हते हे त्याच्या ध्यानी आले की नाही, देव जाणे. परंतु आमच्या ध्यानी ते चांगलेच राहिले. सेवानिवृत्त झाल्यावर रिकाम्या दुपारी जी काही जुनी देणी माणसास आठवतात, त्यांत हे एक होते.

गेल्या वर्षी आमच्या कनिष्ठ बंधूंचे चिरंजीव, जे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतात आणि रविवारी पहाटे सायकल घेऊन रामटेकपर्यंत जाऊन येतात, त्यांनी घरात सहज विषय काढला की परतवाड्याहून धामणगाव गढीच्या घाटाने चिखलदऱ्यास चढावे, तेथून घटांगमार्गे मेळघाटात सेमाडोहास उतरावे आणि पुन्हा घटांगास येऊन परतवाड्यास यावे. तीन-चार दिवसांचा हा फेरा मोठा अवघड परंतु मोठा रमणीय आहे. चिखलदऱ्याचे नाव निघताच आम्हांस गाविलगड आठवला, आणि आमच्या तोंडून निघून गेले, “आम्हीही येतो.”

घरात त्या रात्री जे झाले त्याचे वर्णन एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस करून सांगण्याची गरज नाही. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, ही गोष्ट बोलण्याहून गंभीर असते. बंधूंनी आमच्या वयाचा आकडा दोनदा उच्चारला. अखेरीस निकाल मातोश्रींकडे गेला. त्या पंचाऐंशीच्या घरात आहेत, त्यांनी जपमाळ बाजूस ठेवून म्हटले, “जा. पण छातीत धडधडले, की उतरायचे आणि मिळेल त्या गाडीत बसायचे. शब्द दे.” आम्ही शब्द दिला. दुसऱ्या दिवसापासून सौभाग्यवतींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी व गूळ यांची तयारी आरंभिली, तेव्हा परवानगी पूर्ण झाली असे आम्ही समजलो.

आमची स्वतःची सायकल काळी, दांडीची, ज्या जातीच्या गाडीस आमचे वडील ‘पायगाडी’ म्हणत त्या जातीची. तिच्या पुढील चक्रास ४४ दाते व मागील चक्रास १८. म्हणजे पायडल एकदा फिरविले की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाट रस्त्यावर हे उत्तम. चढावर मात्र तो अडीचपट भार पायांवर येतो. पुतण्याने मित्राकडून आमच्यासाठी जी गाडी आणली तिच्यात पुढे २८ दाते व मागे ३४ अशी जोडी लावता येत असे. पायडल पूर्ण एकदा फिरविले तरी चाक एक पूर्ण फेराही घेत नाही. गती मुंगीची, परंतु पायांस भार सोसवतो. लहानपणी विहिरीवरील रहाट पाहिलेल्या माणसास हे तत्त्व समजावयास कठीण नाही. कठीण आहे ते योग्य वेळी खटका दाबणे. चिटणीस पार्काभोवती पहाटे सराव करताना आम्ही दोन वेळा चेन उतरविली व एकदा दुधाच्या बरण्या नेणाऱ्या गृहस्थांस शरण गेलो. पंधरवड्यात हात बसला.

मूर्तिजापुराहून अचलपुरास येणारी शकुंतला ही छोटी आगगाडी आता धावत नाही. म्हणून मार्गशीर्षातील एका सकाळी सायकली एस.टी.च्या टपावर बांधून आम्ही अमरावतीवरून परतवाडा गाठले. हे अचलपुराचे जोडगाव. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी येथे असे, आणि याच फौजेतील रॉबिन्सन नावाच्या कप्तानाने १८२३ मध्ये चिखलदऱ्याची जागा हेरली. रात्र तेथे काढून दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो.

धामणगाव गढीपर्यंत रस्ता शहाण्या मुलासारखा आहे. दोहो बाजूंस संत्र्याच्या बागा, कपाशीची वेचणी चाललेली, आणि समोर उत्तरेस निळसर भिंतीसारखा सातपुड्याचा गाविलगडचा डोंगर. गावात चहा घेताना दुकानदाराने आमच्या पांढऱ्या केसांकडे व गाडीकडे आळीपाळीने पाहिले.

“गुरुजी, काहून जीव काढता या वयात? यष्टी येऊनच राहिली ना बाप्पा!”

आम्ही गुरुजी हे त्याने कसे ओळखले, ते कळले नाही. चाळीस वर्षांचा खडू धुतला तरी जात नसावा.

तेथून पुढे घाट लागतो. परतवाडा समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांच्या आतबाहेर आणि चिखलदरा सुमारे अकराशे. म्हणजे सातशे मीटरांची चढण, व तिचा बहुतेक भाग या वळणांत साठविलेला. पहिली तीन-चार वळणे आम्ही बसून चढलो. नंतर श्वासाचा व पायडलाचा ताल जुळेना. पुतण्या पुढे जाई, थांबे, पुन्हा पुढे जाई. पाचव्या की सहाव्या वळणावर आम्ही मुकाट्याने खाली उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. त्या दिवशीच्या घाटापैकी निम्मा घाट तरी आम्ही गाडीवर बसून नव्हे, तर गाडीस हाताने धरून चढलो, हे येथेच कबूल केलेले बरे.

आणि याच ढकलण्यात आमच्या विद्यार्थ्याचे उत्तर हळूहळू दिसू लागले. निघण्यापूर्वी आम्ही जुने ग्रंथ चाळले होते. गाविलगडाची दक्षिण बाजू म्हणजे तुटलेला कडा. तिकडून तोफांचा मारा चालून भिंत पडण्याची आशा थोडी. उत्तरेस मात्र किल्ला पठारास एका मानेसारख्या जागेने जोडलेला आहे. म्हणून जनरल वेलस्ली, जे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले, ते स्वतः दक्षिणेस राहिले आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या तुकडीस डोंगर वळसा घालून उत्तरेस पाठविले. ही तुकडी ७ डिसेंबरास अचलपुराहून निघाली व १२ डिसेंबरास किल्ल्यासमोर उत्तरेकडे पोचली. सुमारे तीस मैलांची वाट. वाट म्हणण्यासारखे तेथे काहीच नव्हते. शिपायांनी ती फोडून काढली आणि अवजड तोफा बहुतेक सर्व मार्गभर हातांनी, दोर लावून, दऱ्यांतून खाली व खिंडींतून वर ओढल्या.

‘हातांनी ओढल्या’ हे दोन शब्द घरी वाचताना आम्ही पान उलटून पुढे गेलो होतो. आता आमच्या हाती पंधरा किलो वजनाची, चाकांवर सहज चालणारी, डांबरी सडकेवरची गाडी होती, आणि एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत जाताना आम्हांस तीन वेळा थांबावे लागत होते. ज्या वजनाच्या तोफेने किल्ल्याची भिंत फुटते ती तोफ, सडक नाही, डिसेंबराची थंड रात्र, आणि खांद्यावर दोर. आम्ही चढलो तीच त्यांची वाट असे आम्ही म्हणत नाही. परंतु डोंगर तोच आणि चढही त्याच जातीचा. आणि हे दोर ओढणारे कोण? धड्यात नावे येतात वेलस्लीचे व स्टीव्हन्सनचे. त्या तुकडीत गोऱ्यांची पलटण होती खरी, पण पुष्कळसे शिपाई मद्रास इलाख्यातले, तेलंगी व तमिळ. भोसल्यांचा किल्ला पाडण्यास ज्यांचे खांदे सोलले, त्यांना भोसले कोण हे ठाऊक तरी होते काय? हा प्रश्नही परीक्षेस येत नाही.

मोथा गाव आले तेव्हा दुपार कलली होती. येथून पठार. वारा इतका गार की घामाने भिजलेला सदरा अंगास चिकटून बर्फासारखा वाटू लागला. पुतण्याने आपला गरम अंगरखा न विचारता आमच्या अंगावर टाकला.

चिखलदऱ्याविषयी फार लिहीत नाही. ते सर्वांस ठाऊक आहे, आणि तेथील ‘पॉइंट’ मोजणाऱ्या मंडळींस आमच्या लेखाची गरज नाही. कॉफीची झाडे महाराष्ट्रात पाहावयाची तर येथेच. देवी पॉइंटपाशी गुहेतील देवीचे दर्शन घेतले. भीमकुंडावर एका वाटाड्याने सांगितले की भीमाने कीचकास मारून येथे हात धुतले, म्हणून कीचकदरा, म्हणून चिखलदरा. आणि जवळचे वैराट ते विराटनगर. विराटपर्व आम्ही मुळातून वाचलेले असल्यामुळे मत्स्यदेश राजस्थानाकडे समजतात, कीचकाचा वध नर्तनशाळेत रात्री झाला, इत्यादी सर्व ओठांवर आले होते. पण कड्याच्या तळाकडे पाहिले, आणि कीचकास फेकावयाचेच तर याहून योग्य जागा नाही असे वाटून गप्प राहिलो.

दुसरा दिवस गाविलगडासाठी ठेवला होता. गवळ्यांचे हे मूळ ठाणे. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकात येथे बांधकाम केले व पुढे इमादशाहीच्या संस्थापकाने ते वाढविले. दरवाज्यावरील दगडी शिल्पे अजून ठसठशीत आहेत. आत तलाव, पडक्या मशिदीच्या कमानी, गुडघाभर वाळके गवत, आणि त्या गवतात आडव्या पडलेल्या तोफा. आम्ही उत्तरेच्या तटावर जाऊन उभे राहिलो. ती मान तेथून स्वच्छ दिसते. बाहेरचा तट तोफांनी फोडला, पण आतील तट शाबूत होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल याने हलक्या पायदळासह घळ ओलांडून शिड्या लावल्या व आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. आणि गंमत अशी की एवढ्या रक्तपातानंतर झालेल्या तहात गाविलगड व नरनाळा हे दोन्ही किल्ले पुन्हा भोसल्यांकडेच राहिले. हे वाक्य आम्ही वर्गात कधी सांगितल्याचे स्मरत नाही.

पुतण्याने तटावर बसून दशमी खाता खाता सर्व ऐकून घेतले व म्हटले, “काका, तुम्ही शाळेत असे शिकविले असते तर मला इतिहासात बरे गुण पडले असते.” त्याला आम्ही शिकविलेले नाही, तरी बोलणे लागले.

तिसरे दिवशी घटांगमार्गे सेमाडोहाकडे उतरलो. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. १९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत याचा समावेश होता. अरण्याच्या अंतर्भागातील वाटांवर सायकल नेता येत नाही व नेऊही नये. आम्ही धारणीकडे जाणाऱ्या सार्वजनिक सडकेनेच गेलो. उतारावर पुतण्याची एकच सूचना होती: ब्रेक सतत दाबून धरू नये, दोन्ही आळीपाळीने दाबून सोडावे, नाही तर चाकाची कडी तापते. सागाची पाने सुकून तपकिरी झाली होती व एकेक पान पडताना परातीसारखा आवाज करीत होते. मधूनच बांबूची बने, ऐनाचे मगरीच्या पाठीसारखे खोड, धावड्याचे गुळगुळीत पांढरे खोड. एका वळणावर पुतण्याने हात वर केला. रस्त्याच्या खालच्या अंगास चार रानगवे उभे होते, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. पुढील गव्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही त्याच्याकडे. सायकलीस आवाज नसतो हा तिचा गुण, पण अशा वेळी तोच दोष ठरतो. मोटारीची चाहूल त्यांस दुरून लागली असती. दहा मिनिटे आम्ही उभयता खांबासारखे होतो. मग ते आपणहून खाली उतरून गेले.

वाटेवरील एका कोरकू वस्तीत पाणी मागितले. एका आजीबाईंनी चकचकीत लोट्यातून पाणी दिले. कोरकूंची भाषा मराठीसारखी आर्यकुळातली नव्हे, तेलुगूसारखी द्रविडकुळातलीही नव्हे. ती मुंडारी व संथाळी यांची बहीण, आणि त्या कुटुंबातील सर्वांत पश्चिमेची. पाण्यास काय म्हणता, असे आम्ही विचारले. “डा,” त्या म्हणाल्या. सेमाडोहाजवळून वाहणारी सिपना ही तापीस मिळणारी नदी, आणि सिपना म्हणजे सागवान, हेही तेथेच कळले. वाघ दिसतो काय, असे पुतण्याने विचारताच शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ हसले. त्यांच्यात वाघास ‘कुला मामा’ म्हणतात. आईचा भाऊ! ज्याच्याशी नित्य शेजार आहे त्याच्याशी नाते जोडून ठेवावे, हे आम्हां वाडेकरी लोकांस निराळे सांगावयास नको.

सेमाडोहास रात्री कडाक्याची थंडी होती. आणि चौथे दिवशी, जे घडावयाचे ते घडले.

सेमाडोहाहून घटांगास येताना आदल्या दिवशीचा सर्व उतार चढ होऊन समोर उभा राहतो. तासाभराने आमच्या छातीत धडधड सुरू झाली. दमल्याची निराळी असते; ही तशी नव्हती. कानांत सूं असा आवाज, हँडल धरलेली बोटे गार. पुतण्याने वळून विचारले, “काका, ठीक आहे ना?” आम्ही म्हटले, “ठीक आहे. तू चल.” मातोश्रींस दिलेला शब्द आम्हांस त्या क्षणी पूर्ण आठवत होता, तो विसरलो असे म्हणण्याचीही सोय नाही. एवढा फेरा पुरा व्हावा आणि महालात जाऊन तो पुरा केला असे सांगावे, एवढ्यासाठी आम्ही खोटे बोललो. चाळीस वर्षे मुलांस सत्य बोला म्हणून सुभाषिते घोकवली होती.

आणखी दोन वळणे गेलो असू. पुढे पाहतो तो पुतण्याची सायकल रस्त्याच्या कडेस आडवी, आणि तो पुलाच्या कठड्याशी डोके धरून बसलेला. हात लावला तो चटका बसला. पोरास आदल्या रात्रीपासून ताप होता.

“सांगितले का नाहीस?”

“तुमचा फेरा अपुरा राहिला असता, काका.”

आम्ही त्याच्याशेजारी बसलो. थोड्या वेळाने आमच्या छातीचीही हकीकत सांगितली. त्याने तापलेल्या डोळ्यांनी आमच्याकडे पाहिले, आणि त्याला हसू आले, मग आम्हांसही. निर्मनुष्य अरण्यात, पुलाच्या कठड्यावर, एकमेकांच्या हौसेपायी एकमेकांपासून आजार लपविणारे दोघे शहाणे हसत बसले होते आणि वर झाडावर वानरे आमच्याकडे पाहून खोकत होती.

पाऊण तासाने बाजाराचा एक टेम्पो आला. चालकाने काही न विचारता सायकली भाजीच्या रिकाम्या टोपल्यांवर चढविल्या, पुतण्यास पुढे आपल्याजवळ बसविले व घटांगास एका ओळखीच्या घरी चहा पाजून मग परतवाड्यास पोचविले. पैसे देऊ लागलो तो म्हणाला, “राहू द्या गुरुजी, गाडी रिकामीच येऊन राहिली होती.” बिहालीकडील तो सुंदर उतार, ज्याच्या आशेवर आम्ही चढ सोसत होतो, तो टेम्पोच्या मागच्या फळीवर टोपल्यांत बसून पाहिला. परतवाड्यास डॉक्टरांनी पुतण्यास गोळ्या दिल्या व आम्हांस नागपुरास जाताच हृदयाची तपासणी करण्यास बजाविले. ती केली. औषध चालू आहे. चढाची सायकल बंद, सपाटीची चालू.

घरी मातोश्रींनी प्रथम नातवाच्या कपाळास हात लावून पाहिला. मग आमच्याकडे वळल्या. आम्ही सर्व सांगितले, खोटे बोललो तेही. त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, “गाडीत बसलास ना शेवटी? मग झाले. पण पोर आजारी पडले म्हणून बसलास, हे मी लक्षात ठेवीन.” सौभाग्यवतींनी अजूनही काही म्हटलेले नाही.

आठवड्याने आम्ही इतवारीत गेलो. ज्याने तो प्रश्न विचारला होता, त्या विद्यार्थ्याचे तेथे धान्याचे दुकान आहे. आता त्याच्याही कानशिलांवर पांढरे आले आहे. त्याने गल्ल्यावरून उठून नमस्कार केला व आम्हांस गादीवर बसविले. आम्ही म्हटले, “तुझ्या एका प्रश्नाचे उत्तर आणले आहे. तोफा वर कशा नेल्या.” तो गोंधळला. “मी असे विचारले होते, गुरुजी?” त्यास काही आठवत नव्हते. तरी आम्ही सांगितले: वळसा, दोर, सहा दिवस, खांदे. गिऱ्हाइके उभी होती, पण तो मन लावून ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर तराजूच्या पारड्यावर बोट टेकीत म्हणाला, “पण गुरुजी, इतकी माणसे डोंगरात सहा दिवस. त्यांना दाणागोटा कोण पुरवीत होते?”

बंजारे, आम्ही म्हटले. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून त्यांचे तांडे फौजांमागून चालत. त्याने पोऱ्यास दुकान सांभाळावयास सांगितले व आमच्यासाठी चहा मागविला.